झोपाळू पंखा

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुमची मान आपोआप वर जाते. आज जरा खाली बघा. आणखी खाली. होडीच्या पोटाखाली, शेवाळ आणि शिंपल्यांच्या शेजारी, तिथे मी आहे. इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला बसवलेला, होडीला पुढे ढकलणारा कांस्याचा पंखा. वय झालं आहे, अंगावर ओरखडे आहेत, एका पात्याला छोटीशी खोक पडली आहे. आणि माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे झोप. हसू नका. झोपाळू म्हणून तुम्ही घरी बोलणी खात असाल, मी मात्र झोपलो नाही म्हणून बोलणी खाल्ली आणि भंगारात जाता जाता वाचलो.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तापलेला रस साच्यात पडला, थंड झाला, मग मला घासलं, तासलं, चमकवलं. माझ्या पोटात दात असलेली छोटी चाकं आहेत. त्यांच्यामुळे माझी तिन्ही पाती एकाच वेळी वळतात. एक वळलं आणि दोन रुसून बसली असं होत नाही. माझी जुळवणी करणाऱ्या बाईंनी शेवटी पोटात ग्रीस भरलं, करंगळीने एक पातं ढकललं आणि तिन्ही पाती अलगद वळलेली पाहून शेजारणीला म्हणाल्या, "लोण्यासारखा चालतोय बघ." ते माझं पहिलं कौतुक. अजून आठवतं.

आता माझं काम सांगतो. इंजिन चालू झालं की दांडा फिरतो, माझी पाती पसरतात आणि पाणी मागे लोटतात. होडी मागे न्यायची असली की पाती पार उलटी वळतात, म्हणून मागेही मी तितक्याच जोराने ओढतो. साधा पंखा मागे जाताना नुसती कुरकुर करतो. पण खरी गंमत पुढेच आहे. शिडात वारा भरला, इंजिन बंद झालं, की माझी पाती पाण्याकडे धार करून उभी राहतात आणि पाणी मला न अडखळता निघून जातं. हीच माझी झोप. साध्या पंख्याची पाती घट्ट असतात. तो बिचारा शिडावर चाललेल्या होडीमागे भरलेल्या बादलीसारखा ओढला जातो.

झोपायची एक रीत मात्र आहे. होडी चालत असताना, गिअर पुढेच ठेवून, इंजिन बंद करायचं. दांडा जागच्या जागी थांबतो आणि वाहतं पाणीच माझी पाती वळवून मला निजवतं. आधी गिअर न्यूट्रलला आणला आणि मग इंजिन बंद केलं तर दांडा मोकळा सुटतो. पाणी मला गरागरा फिरवत राहतं. मग कसली झोप आणि कसलं काय!

माझी मालकी एका नवराबायकोकडे आली. बाईंनी आयुष्यभर शहरात बस चालवली होती आणि त्यांच्या यजमानांचं शिलाईचं दुकान होतं. धक्क्यावर सगळे त्यांना कप्तानबाई आणि मास्तर म्हणत, मीही तेच म्हणतो. दोघांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी लाकडी शिडाची होडी घेतली. मास्तरांनी तिची शिडं स्वतः शिवली. मग लग्नाच्या वाढदिवसाला काय घ्यायचं असा प्रश्न निघाला. घरातल्या सोफ्याला मधोमध खड्डा पडला होता, त्यामुळे लेकीला वाटलं, सोफा येणार. आलो मी. लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "लोक एकमेकांना फुलं देतात. तुम्ही पंखा देता आणि तोही पाण्याखाली लावायला!"

"फुलं सुकतात," कप्तानबाई म्हणाल्या.

"सोफ्यात बसायला वेळ कुणाला आहे?" मास्तर म्हणाले.

पहिल्या काही दिवसांतच एक भानगड लक्षात आली. बस शेवटच्या थांब्यावर आली की कप्तानबाई आधी गिअर न्यूट्रलला आणत, मग चावी फिरवत. ही सवय त्यांच्या हाडांत मुरली होती. गिअरचा खटका त्यांच्या पोटरीजवळ, खाली होता. नजर समोर शिडावर आणि हात खाली आपल्याच मनाने खटका मागे घ्यायचा. त्यांना पत्ताही नसायचा. मी आपला गरगर फिरत बसायचो.

मग दोघांनी एक पद्धत पाडली. इंजिन बंद झालं की मास्तर खाली केबिनमध्ये उतरायचे, गुडघे टेकून तळाच्या फळीला कान लावायचे. मी फिरत असलो की दांडा गुणगुणतो आणि ते गुणगुणणं फळीला कान लावला की स्वच्छ ऐकू येतं. वर वारा, शिडं आणि दोऱ्यांच्या गलक्यात ते कुणालाच कळत नाही. वरून कप्तानबाई विचारायच्या, "अहो, झोपला का?"

"नाही गं, जागाच आहे! गिअर बघ."

"अगंबाई, परत?"

पुन्हा इंजिन सुरू, गिअर पुढे, इंजिन बंद. मग खालून मास्तरांचा हळू आवाज यायचा, जणू मोठ्याने बोललं तर मी उठेनच, "झोपला."

मित्रांनो, मी एक धातूचा तुकडा. पण रोज कुणी तरी गुडघे टेकून तुमची झोप लागली का बघत असेल, तर धातूलाही माया लागते. होडी लाकडाची असल्यामुळे त्यांचं बोलणं दांड्यातून माझ्यापर्यंत पोचतं. त्यांची भांडणं मी ऐकली, चहात साखर जास्त झाल्याचे वाद ऐकले, कप्तानबाईंची बेसूर गाणी ऐकली. शेजारच्या चकचकीत होडीचे मालक आम्हाला एकदा म्हणाले, "तुमच्या या पेटाऱ्याला इतका वेग येतो कुठून?" मास्तर म्हणाले, "आमचा एक माणूस झोपा काढतो, म्हणून." ते गृहस्थ बराच वेळ होडीत तो झोपलेला माणूस शोधत होते.

लेक लग्न होऊन खाडीपलीकडच्या गावी राहायला गेली. दर उन्हाळ्यात दोघं होडीने तिच्याकडे जायची. सकाळी निघायचं आणि दुपारी पाण्यात घुसलेलं डोंगराचं टोक ओलांडायचं. तिथे एकच अट होती. भरती संपून पाणी फिरायच्या आत टोक मागे पडलं पाहिजे. एकदा ओहोटीची ओढ उलटी लागली की शिडाची होडी तिथे जागेवर नाचत राहते. आम्ही नेहमी वेळेत ओलांडायचो. इतक्या आरामात, की मास्तर टोकापाशी डबा उघडून बसायचे.

आणि मग आमचे दिवस फिरले. एका उन्हाळ्यात टोकाशी पोचेपर्यंत पाणी फिरलं. उलटी ओढ आमच्या त्या म्हाताऱ्या इंजिनालाही दाद देईना. परत फिरावं लागलं. पुढच्या उन्हाळ्यातही तेच झालं. पलीकडच्या धक्क्यावर लेक वाट बघून घरी गेली. होडी जड झाली होती, एवढं कुणालाही कळत होतं. का झाली, ते कळत नव्हतं.

आधी आळ शिडांवर आला. "कापड ढिलं पडलंय," असं कप्तानबाई म्हणाल्या आणि मास्तर आठवडाभर घुश्श्यात होते. त्यांनी सगळ्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या. मग आळ होडीच्या तळावर आला. तळ खरवडला, रंगवला. तरी फरक पडेना. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

होडी जमिनीवर काढली. धक्क्यावरच्या मेकॅनिकने मला घाईघाईत हलवून बघितलं. त्याच्यामागे आणखी चार होड्यांची कामं होती. तो म्हणाला, "वय झालंय याचं. आत दात झिजले असणार, पाती वळत नसतील नीट. साधा पंखा मागवतो, कटकट नको. यायला मात्र हा उन्हाळा जाईल."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, माझे दात शाबूत आहेत! पण जमिनीवर मी काय सिद्ध करणार? पाण्याबाहेर सगळेच पंखे झोपलेले दिसतात. मला खरं काय ते ठाऊक होतं. गेले दोन उन्हाळे माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कप्तानबाईंचा हात खटका मागे घेत होता, मी फिरत होतो, दांडा गुणगुणत होता. वरून "झोपला का?" असं विचारलं जात होतं. आणि खालून मास्तर दर वेळी, अगदी दर वेळी, "झोपला" असं सांगत होते.

इतका खोटा माणूस नव्हता हो तो. म्हणून मला राग येण्याऐवजी काळजीच वाटत होती.

त्या वसंतात लेकीला मुलगी झाली. मास्तरांनी नातीसाठी मऊ सुती दुपटं शिवलं, कडेला होडीच्या शिडाचा उरलेला पांढरा तुकडा लावला. निघायच्या सकाळी कप्तानबाईंनी सुकाणू हातात घेतलं आणि ठणकावून सांगितलं, "यंदा टोक ओलांडता आलं नाही तर होडी विकायची. पुढच्या वेळेपासून फेरीबोटीने जाऊ. नातीने आजीआजोबांची वाट बघत मोठं व्हायचं का?"

मास्तर काहीच बोलले नाहीत. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून गप्प बसले, ते तेव्हा मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की आज मी झोपलो नाही, तर होडी जाईल आणि होडीबरोबर या दोघांचं एकत्र असणंही थोडं जाईल. फेरीबोटीत दोघं शेजारी बसली असती, पण तिथे कुणी कुणाला "झोपला का?" म्हणून विचारणार नव्हतं.

बंदरातून इंजिनावर बाहेर आलो. शिडं भरली. इंजिन बंद झालं. "अहो, झोपला का?" "झोपला!" आणि मी पाण्यात भोवऱ्यासारखा गरगरत राहिलो. वारा छान होता, तरी होडी रडतखडत चालली होती. दुपार झाली, टोक दिसू लागलं. कप्तानबाई पुन्हा पुन्हा पाण्याकडे आणि घड्याळाकडे बघत होत्या. तेवढ्यात वारा पडला. त्यांनी थोडा वेळ इंजिन चालवलं. वारा परत आला, तशी त्यांनी खटका मागे घेतला, चावी फिरवली आणि हाक मारली.

"झोपला का?"

"झोपला!"

उन्हाने डोळे दिपायला लागले म्हणून कप्तानबाईंनी सुकाणू दोरीने बांधलं आणि टोपी आणायला त्या खाली उतरल्या. मास्तर अजून गुडघ्यांवरच होते, कान फळीला, डोळे मिटलेले. आणि केबिनमध्ये माझी गुणगुण अशी घुमत होती की टेबलावरचा चमचा बशीत थरथरत होता.

"अहो, हे काय वाजतंय?" त्या म्हणाल्या.

मास्तर हलले नाहीत.

"अहो!"

काही नाही. त्या अगदी पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, या वेळी नावाने. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. मास्तर तरीही फळीला कान लावून तसेच होते, तोंडावर झोपलेल्या मुलाकडे बघताना असतं तसं समाधान होतं. मग कप्तानबाईंनी खांद्यावर हात ठेवला. ते दचकून वळले. त्यांनी बायकोचा चेहरा बघितला, थरथरणारा चमचा बघितला आणि त्यांना सगळं कळलं.

"वाजतोय का?" त्यांनी हळूच विचारलं.

कप्तानबाईंनी मानेनेच हो म्हटलं.

"मला वाटलं, खरंच झोपतोय. आधी आधी शंका यायची. मग वाटलं, इतकं शांत आहे म्हणजे झोपलाच असणार. तुझी हाकही ऐकू यायची नाही, इंजिन थांबलं की आली असेल असं धरून सांगायचो."

"अहो, पण ऐकू येत नाही हे बोलायचं नाही का?"

"काय बोलू? होडीवर हे एक काम माझ्याकडे आहे. बाकी सगळं तूच करतेस. हेही गेलं असतं तर तू मला फेरीबोटीच्या बाकावर नेऊन बसवलं असतंस. शिडांवर आळ आला ना, तेव्हा खरं तर मला बरं वाटलं होतं."

कप्तानबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण होडी एका अंगाला कलायला लागली होती, त्यामुळे रडायला वेळ नव्हता. त्या धावत वर गेल्या, सुकाणू सोडवलं, खाली वाकल्या आणि त्यांनी खटका बघितला. मग त्यांनी जोरात हाक मारली.

"अहो, गिअर न्यूट्रलला आहे!"

"काय?"

"न्यूट्रल! माझ्याच हाताने! दोन उन्हाळे मी चुकतेय आणि तुम्ही आपले 'झोपला' म्हणताय!"

एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की लांबच्या होडीतल्या कुणीतरी आपलाच गिअर तपासला असेल. मास्तर पायऱ्या चढून वर आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, कारण हसणं दोन्ही बाजूंनी एकदमच माझ्यापर्यंत आलं.

"आता पुरे," कप्तानबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पाणी फिरायला आलंय. खाली जा."

"कशाला? कान तर गेलेत."

"कानांचं सोडा. बस चालवताना मी कधी कानांवर भरवसा ठेवला का? मागे चाक सैल झालं की मला तळपायाला कळायचं. आणि तुमची बोटं? काळ्या कापडावरचा काळा दोरा न बघता ओढता तुम्ही. जा, हात लावून सांगा."

मास्तर खाली गेले. दांडा होडीबाहेर जातो तिथे त्याच्याभोवती एक जाड नळी आहे. तिच्यावर त्यांनी बोटांची टोकं ठेवली. मित्रांनो, इतकी वर्षं त्यांचा कान माझ्या वर, फळीच्या पलीकडे होता. बोटं पहिल्यांदाच इतकी जवळ आली. त्यांना माझी धडपड कळत होती.

"थरथरतंय!" ते ओरडले. "शिलाईचं मशीन चालू असल्यासारखं!"

वर इंजिन सुरू झालं. गिअर पुढे पडला. या वेळी कप्तानबाईंनी स्वतःचा उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला, तो परत आगाऊपणा करू नये म्हणून, आणि मग चावी फिरवली. दांडा थांबला. पाणी माझ्या पात्यांवर आलं, पाती लोण्यासारखी वळली, धार पाण्याकडे झाली. दोन उन्हाळ्यांचं जागरण एका क्षणात उतरलं.

"आता?"

"मशीन थांबलं," मास्तर म्हणाले. "अगं, खरंच थांबलं."

होडीने कुशीवर वळावं तसं अंग सैल केलं आणि ती पळत सुटली. टोकापाशी पाणी स्तब्ध झालं होतं. ओढ उलटी लागायच्या बेतात होती, तिचा पहिला हलका धक्का मला जाणवलासुद्धा. पण तोवर डोंगर आमच्या मागे गेला होता. मास्तरांना डबा उघडायची आठवणच राहिली नाही.

पलीकडच्या धक्क्यावर लेक तान्हुलीला घेऊन उभी होती. झालेलं सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "आई, बाबांना कमी ऐकू येतं हे मला फोनवर केव्हाच कळलं होतं. तुला शेजारी राहून कसं कळलं नाही?"

"शेजारी असलो की बोलतं कोण?" कप्तानबाई म्हणाल्या. "आम्ही होडी चालवतो."

साधा पंखा नको म्हणून मेकॅनिकला त्याच दिवशी फोन गेला. लेकीने वडिलांना कानाचं यंत्र घेऊन दिलं. घरी, दुकानात, रस्त्यावर ते लावतात. होडीवर चढलं की काढून, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाच्या डबीत ठेवतात. म्हणतात, खाऱ्या पाण्याने बिघडेल. मला विचाराल तर खरं कारण वेगळं आहे. इथे त्यांना ते लागत नाही. ते बोटं ठेवतात आणि जिना चढून वर येऊन बायकोला समोर बघून सांगतात. आता कप्तानबाईही ओरडून विचारत नाहीत. त्या ते वर यायची वाट बघतात.

माझ्या फार मागण्या नाहीत, मित्रांनो. दर वर्षी होडी जमिनीवर आली की पोटात नवं ग्रीस भरावं. टोकावरची जस्ताची टोपी झिजली की बदलावी, कारण समुद्राला धातू खायची खोड आहे आणि माझ्याऐवजी तो तिला खातो. पात्यांवरचे शिंपले खरवडावेत, पण हलक्या हाताने. एवढं केलंत तर मी अजून पुष्कळ झोपेन. वस्तू जुनी झाली, मंद झाली, की ती लगेच बदलायला धावू नका. आधी हात लावून बघा, तिचं काय चुकतंय आणि आपलं काय चुकतंय.

आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, जे आजकाल प्रत्येक गोष्टीला नुसतं "हो, हो, झालं" असं म्हणतं, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला पाठीमागून हाका मारत बसू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा आणि त्याच्या समोर बसा.